दोन दारांची नदी

आमच्या घराण्यात आजवर कुणी नदीचं दार उघडलेलं नाही. मी उघडलं, तेही जपानमध्ये आणि तेही पाडव्याला. बटणं दुसऱ्यांनी दाबली हे खरं, पण लग्न जुळवणाऱ्या मामीने स्वतः बोहल्यावर उभं राहायचं नसतं. श्रेय मात्र मी सोडणार नाही. कुणाला ही फुशारकी वाटली तर त्याने एकदा जपानी सरकारच्या दोन कार्यालयांना एकाच वेळी एकच गोष्ट करायला लावून दाखवावी.

आम्ही इचिकावात राहतो. नवऱ्याचं ऑफिस तोयोसुला, आणि आता माझंही तिथेच. घरापासून सायकलने थोडं गेलं की एक लहान नदी लागते. ती पुढे मोठ्या नदीला मिळते आणि मोठी नदी टोकियोच्या खाडीला. या लहान नदीच्या शेवटच्या टप्प्यात दोन्ही काठांना माणसाच्या दुप्पट उंचीचं बोरूचं रान आहे. ते राखीव आहे. तिथे बांधकाम नाही, होड्या नाहीत, गळ टाकायचा नाही. पलीकडे उंच इमारती दिसतात, पण रानात शिरलं की फक्त वाऱ्याचा आवाज आणि पक्ष्यांची भांडणं. मला ही जागा पहिल्या दिवसापासून आवडली. पक्षी तरी मोठ्याने बोलत होते.

या रानाच्या दोन्ही टोकांना एकेक पोलादी दार आहे, वर उचललं जाणारं. खालचं दार समुद्राचं उधाण अडवतं. वरचं दार खारं पाणी शेतीच्या पाण्यात मिसळू देत नाही. खालचं दार देशाच्या सरकारचं आणि वरचं केनचं. केन म्हणजे आपल्याकडच्या राज्यासारखं. मी पुण्याच्या सवयीने त्यांना केंद्र आणि राज्यच म्हणायचे. खालच्या दाराचे साहेब घरी बोलताना ‘केंद्र-सान’ झाले, सान म्हणजे आपलं ‘जी’, आणि वरच्या दाराच्या बाई ‘राज्य-सान’. दोघांनाही हे आजतागायत ठाऊक नाही.

वसंतात खाडीतून आयु नावाचे मासे वर चढतात. बोटाएवढे, जवळजवळ आरपार दिसणारे. माझं माहेर दापोलीकडचं, समुद्रकाठचं. चढणीचे मासे आम्हाला नवीन नाहीत, फक्त आमच्याकडे ते धरतात, तळतात आणि खातात. इथे प्रकार वेगळा होता. भरतीला केंद्राचं दार उघडायचं, आयु आत यायचे, आणि पुढे राज्याचं दार बंद. ओहोटीला राज्याचं दार उघडायचं तेव्हा वरून पाण्याचा असा लोंढा यायचा की एवढ्याशा माशाने त्यात चढणं अशक्य. मधल्या डोहात ते घिरट्या घालत राहायचे. बगळ्यांची चंगळ. उरलेले मे महिन्यात पाणी तापलं की मरायचे.

म्हणून काठावरच्या काही म्हाताऱ्या माणसांचा एक गट दर वसंतात हे मासे बादल्यांत भरून, हातोहात, पायऱ्यांवरून वरच्या दारापलीकडे नेऊन सोडायचा. गटाच्या प्रमुख होत्या एक निवृत्त विज्ञानशिक्षिका. सगळे त्यांना सेन्सेइ म्हणत, म्हणजे बाई. शाळा सुटून वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी असायची. मी जपानात नवीन असताना, भाषेचा गंध नसताना, एकदा पायऱ्यांवर बघत उभी होते. त्यांनी शिट्टी वाजवून मला रांगेत एका जागेवर उभं केलं. खालून बादली घ्यायची, वर द्यायची. कुणी नाव विचारलं नाही, व्हिसा विचारला नाही. त्या देशात मला पहिलं काम त्या रांगेने दिलं आणि ते मी कधीच विसरणार नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी वसंतातल्या पहिल्या रविवारी सेन्सेइंनी रांगेसमोर उभं राहून सांगितलं, “हे आपलं शेवटचं वर्ष. माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांच्या गुडघ्यांनी दिलाय, तुम्ही फक्त बोलत नाही.”

“आणि मासे?” मी विचारलं.

“मासे बगळ्यांचे,” त्या म्हणाल्या. गाडीचं वेळापत्रक वाचावं तशा सुरात म्हणाल्या, पण नजर पाण्यावरून हलेना. थोड्या वेळाने मला एकटीलाच म्हणाल्या, “एकदा तरी त्यांना आपले आपण वर जाताना बघायचं होतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भरती भरत आली की एक वेळ अशी येते, जेव्हा दारांच्या दोन्ही बाजूंना पाणी जवळपास सारखं असतं. तेवढा वेळ दोन्ही दारं एकदम उघडी ठेवली तर लोंढा नाही, खारं पाणी फारसं वर जात नाही, आणि मासे सरळ निघून जातील. हे सेन्सेइंना ठाऊक होतं, केंद्राला ठाऊक होतं, राज्यालाही ठाऊक होतं. मग घोडं पेंड खात होतं कुठे?

मी पुण्याची पद्धत वापरली. थेट केंद्राच्या कार्यालयात गेले. केंद्र-सान सडपातळ, करड्या जाकिटातले, अतिशय शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी म्हणाले, “तुम्ही वरचे. तुम्ही नुसता एक फोन केलात की केनला ऐकावंच लागेल.”

त्यांचे कान लाल झाले. “केनची गैरसोय होणार नसेल तर… पण त्यांच्या दाराविषयी आम्ही बोलणं म्हणजे जरा…” असं म्हणून त्यांनी वाक्य तिथेच सोडून दिलं. इथे वाक्यं अशीच अर्धवट सोडतात. उरलेलं आपण समजून घ्यायचं असतं, आणि मी समजले नाही.

आठवडाभरात राज्य-सानचा सेन्सेइंना निरोप आला. भाषा लोण्यासारखी होती. अर्थ असा की आमच्याविषयी वरती काही बोलणं झाल्याचं कळलं, आमचं काही चुकलं असल्यास क्षमस्व, आणि आमचं दार थोडं जास्त वेळ उघडं ठेवायचा जो विचार आम्ही आपणहून करत होतो तो सध्या स्थगित आहे.

“तू एस्कलेट केलंस!” नवरा कपाळाला हात लावून म्हणाला. “अगं, आम्ही इथे क्लायंटचा मेलसुद्धा मॅनेजरला सीसी करताना दहा वेळा विचार करतो.”

“मग काय तोंडात मूग गिळून बसू?”

“बस की थोडा वेळ. ट्राय तरी कर.”

सेन्सेइ रागावल्या नाहीत. त्यांनी चहा पुढे केला आणि खरोखरच्या कुतूहलाने विचारलं, “तुमच्याकडे असं करतात का?”

“करतात.”

“आणि मग काम होतं?”

“होतं,” मी म्हणाले. “दुसऱ्या दिवशी बिघडतं.” त्या इतक्या हसल्या की त्यांना चहाचा ठसका लागला.

मी राज्य-सानची माफी मागायला गेले. सोबत मिठाईचा खोका होता. सरकारी माणसांना भेट घेता येत नाही म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी, वाकून, माझ्याकडेच परत सरकवला. बाई माझ्याच वयाच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलता बोलता घड्याळाकडे बघणाऱ्या. म्हणाल्या, “आमच्या बाजूने तसं काहीच नाही. फक्त देशाच्या कार्यालयाची गैरसोय होणार नसेल तर…” पुन्हा अर्धं वाक्य.

सायकलवरून परत येताना मी एकदम ब्रेक दाबला. हेच वाक्य केंद्र-साननेही म्हटलं होतं. केनची गैरसोय होणार नसेल तर. अक्षरशः हेच. म्हणजे भांडण नव्हतंच. दोघंही एकमेकांना मान देत बसले होते, आणि आधी विचारायचं कुणी यावर सगळं अडलं होतं. हा प्रकार मी लहानपणापासून ओळखते. याला आपल्याकडे मानपान म्हणतात.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात असंच झालं होतं. जेवण तयार, पानं मांडलेली, आणि दोन्हीकडच्या विहिणी उभ्याच. आधी तुम्ही बसा, छे छे, आधी तुम्ही. भूक सगळ्यांना लागलेली, पण आधी बसायला कुणी तयार नाही. शेवटी माझ्या मामीने एकीच्या हातात जिलबीचं ताट दिलं, दुसरीच्या हातात मठ्ठ्याचं भांडं, आणि म्हणाली, “बसू नका तर बसू नका. वाढा.” वाढता वाढता दोघी बोलायला लागल्या आणि मग एकाच पंगतीला बसल्या. मामीने समजूत घातली नाही, तिने काम दिलं.

मी सेन्सेइंकडे गेले. बोलावणं केंद्राने राज्याला करायचं नाही आणि राज्याने केंद्राला करायचं नाही. यजमान तिसराच हवा. गटाची शेवटची बादल्यांची फेरी आहे, दोन्ही कार्यालयांनी कृपया पाहायला यावं, असं सेन्सेइंनी दोघांना वेगवेगळं कळवलं. पाहायला काय, कोणीही येतं. दोघंही आले, डोक्यावर हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट, हातात फायली. सेन्सेइंनी शिट्टी वाजवली आणि मी त्यांच्या फायली काढून घेतल्या.

रांगेतल्या जागा मी लावल्या. केंद्र-सान एका पायरीवर आणि राज्य-सान त्यांच्या बरोब्बर वरच्या पायरीवर. आता केंद्राने उचललेली बादली राज्याच्या हातात दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सुरुवातीला प्रत्येक बादलीला “सुमिमासेन, सुमिमासेन”, म्हणजे माफ करा, माफ करा, चाललं होतं. मग नुसतं “हाय, हाय”, म्हणजे हो, हो, झालं. मग एका बादलीतलं पाणी हिंदकळून केंद्र-सानच्या पँटवर सांडलं आणि राज्य-सान खुदकन हसल्या. तेही हसले. इतकी वर्षं दोन दारांच्या मध्ये एकच डोह असूनही ही दोन माणसं एकमेकांसमोर हसलेली कुणी पाहिली नव्हती.

दमल्यावर केंद्र-सानने एक बादली खाली ठेवली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाले, “इतके लहान असतात होय.”

“आमच्या बाजूने अडचण नाही,” राज्य-सान त्या बादलीकडे बघत म्हणाल्या.

“आमच्याही,” केंद्र-सान म्हणाले.

माझ्या शेजारच्या आजोबांनी माझ्या हातातली बादली घेतली, कारण मी ती धरून नुसतीच उभी होते. आनंदाने मला रडूच आलं होतं.

पुढचा उन्हाळा, शरद आणि हिवाळा त्या दोघांच्या कार्यालयांनी माझ्या सहनशक्तीची परीक्षा घेतली. बैठकीच्या आधी बैठक, तिच्या आधी फोन. मी वाट पाहायला शिकले असं म्हणणार नाही, पण गप्प राहायला शिकले. सगळ्यात मोठी गंमत पाण्याच्या उंचीची. केंद्र आपल्या नदीची उंची एका शून्यापासून मोजतं, राज्य दुसऱ्याच शून्यापासून. एकाच डोहाच्या एकाच पाण्याला दोन उंच्या, आणि दोन्ही बरोबर. ‘दोन्ही बाजूंना पाणी सारखं झालं’ हे ठरवायचं कसं? या एका प्रश्नावर त्यांनी हिवाळा काढला. अखेर दोन्ही दारांच्या खांबांवर एकाच उंचीला एकेक पिवळी पट्टी रंगवली. पाणी दोन्ही पट्ट्यांना टेकलं की झालं. ती पट्टी पाहून मला जे समाधान वाटलं ते स्वतःच्या घराला रंग दिल्यावरही वाटलं नव्हतं.

मग दिवस ठरवायची बैठक. मीही होते, कारण आता मला कुणी वगळत नव्हतं. उधाणाची भरती हवी, ती दिवसाउजेडी चढायला हवी, आणि रविवार हवा, कारण त्या दिवशी वरचे शेतीचे पंप बंद असतात. सगळं जुळणारा एकच रविवार मार्चअखेरीस होता. सेन्सेइंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेवर बोट ठेवलं. तारखेखाली बारीक अक्षरात ‘बुत्सुमेत्सु’ लिहिलं होतं. जपानी पंचांगातला हा सगळ्यात वाईट दिवस. या दिवशी लग्न काढत नाहीत, दुकान उघडत नाहीत. सरकारी माणसं असलं काही मानत नाहीत, पण पेनं सगळ्यांची खाली गेली होती.

मी फोन काढून आपलं कॅलेंडर पाहिलं आणि जवळजवळ ओरडलेच. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी भरती मोठी असणार हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ही अमावास्या फाल्गुनातली होती. दुसऱ्या दिवशी पाडवा!

“आमच्याकडे हे नवीन वर्ष आहे,” मी म्हणाले. “वर्षात साडेतीन दिवस असे असतात, की नवं काम काढायला मुहूर्तही बघावा लागत नाही. त्यातला हा एक.”

“साडेतीन?” केंद्र-सान शेवटी इंजिनिअर. “मग अर्धा कुठला?”

“हा पूर्ण आहे,” मी ठणकावून सांगितलं.

सेन्सेइ म्हणाल्या, “मग भारताचा दिवस धरू. मासेही बाहेरूनच येतात.” राज्य-सानने पेन उचललं.

पाडव्याला सकाळी मी बाल्कनीत गुढी उभारली. कपडे वाळत घालायच्या दांडीवर जरीचा खण, तांब्या, पुण्याहून आलेली साखरेची गाठी. दांडी कठड्याबाहेर जाऊ द्यायची नाही असा इमारतीचा नियम, म्हणून आमची गुढी जरा बुटकीच. “हे वाळत घातलंय का?” लेकीने जपानीत विचारलं. मी मराठीत उत्तर दिलं आणि तिच्या तोंडात गाठीचा तुकडा कोंबला. गुढी सूर्यास्ताच्या आत उतरवायची असते आणि भरती चढणार होती नेमकी संध्याकाळकडे. नवरा म्हणाला, “गुढी मी उतरवतो. तू जा, तुझं दार उचल.”

नदीवर गार वारा होता. सेन्सेइ आल्या त्या काठी टेकत आणि दुसऱ्या हातात बादली घेऊन. “कशाला आणलीत?” मी विचारलं. “सवय,” त्या म्हणाल्या, पण मला कळलं. मासे गेले नाहीत तर निदान एक बादलीभर तरी त्या स्वतः नेणार होत्या, गुडघे काहीही म्हणोत.

खालच्या दारापाशी केंद्र-सान, वरच्या दारापाशी राज्य-सान, दोघांच्या कानाला फोन, मध्ये रांगेतले आम्ही सगळे आणि त्याच कॉलवर मीही. पाणी हळूहळू पिवळ्या पट्टीकडे चढत होतं. आणि मी ऐकते तर काय, फोनवर पुन्हा तेच. आधी तुम्ही उघडा. छे, आधी तुमचं. वर्षभर ज्याच्यासाठी घाम गाळला ते मानपानात बुडणार की काय! मी सेन्सेइंच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. दोन्ही पट्ट्यांना पाणी टेकलं आणि त्यांनी अशी शिट्टी मारली की रानातले सगळे पक्षी उडाले. माझ्या तोंडून आपोआप “शुभमंगल सावधान” निघालं, आणि अंतरपाट दूर व्हावा तशी दोन्ही दारं एकदम वर गेली.

काहीच झालं नाही. पाणी सपाट, तपकिरी, मुकं. केंद्र-सान काठाने चालत आमच्याकडे आले, राज्य-सान दुसऱ्या बाजूने आल्या. सेन्सेइंची बोटं बादलीच्या कडीवर आवळली गेली. मी मनातल्या मनात त्या माशांना दापोलीच्या भाषेत शिव्या घातल्या.

मग डोहाच्या कडेला पाण्यावर एक बारीक सुरकुती दिसली. ती सरळ वरच्या दाराकडे निघाली. तिच्या मागे दुसरी. आणि मग पाण्याखाली एक लांबच लांब करडी पट्टी सरकायला लागली, हजारो पाठींची, मध्येच एखादं अंग चांदीसारखं पलटायचं. पुढचे मासे दाराच्या सावलीत शिरले, क्षणभर थबकले आणि पलीकडे उन्हात बाहेर पडले.

“चढले! चढले!” मी मराठीत ओरडले. कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. रांगेतले सगळे म्हातारे टाळ्या वाजवत होते. केंद्र-सान आणि राज्य-सान एकमेकांसमोर कमरेत वाकले, आधी कोण वाकलं हे मला सांगता येणार नाही. माझा फोन वाजला, नवऱ्याने उतरवलेल्या गुढीचा फोटो पाठवला होता.

मी सेन्सेइंकडे वळले. त्यांनी इतकी वर्षं वाहिलेली ती बादली पायरीवर पालथी घातली, तिच्यावर बसल्या, काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही गुडघे हळूच चोळले.

“आता गप्प बस,” त्या मला म्हणाल्या. “मला बघू दे.”